डाव्या खांद्याचा फोटो

राजश्री गेल्याचं मला नर्सिंग होमच्या जिन्यात कळलं. मी रक्ताच्या पिशव्या घेऊन वर चढत होतो आणि माझ्या सासूबाई खाली उतरत होत्या. आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना मामी म्हणायचो. त्यांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली पोर होती.

"कुठं निघालात मामी?"

"कुटं न्हाई. वर बसवंना."

"रक्त मिळालं. सांगलीहून आणलं."

त्यांनी पिशव्यांकडं पाहिलं. "आता ऱ्हाऊ द्या त्ये," म्हणाल्या.

मी तरीही वर गेलो. डॉक्टर दारातच उभे होते. त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. पोर मोठी होती. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. ओढून काढावी लागली, नाहीतर आतच गुदमरली असती. नंतर रक्त थांबेना म्हणून राजश्रीला बेशुद्ध करून ऑपरेशनला घेतलं आणि ती टेबलावरच गेली. पिशव्या माझ्या हातातच होत्या. एका सिस्टरनं त्या काढून घेतल्या.

पोरीला घरी नेताना त्याच सिस्टरनं मला सांगितलं होतं, "डावा हात जरा जपा, ओढ बसलीय." मी हो म्हणालो. त्या दिवशी मी सगळ्यांनाच हो म्हणत होतो.

माझी तासगावात पिठाची गिरणी आहे. घरात मी आणि वडील, दोघंच. म्हणून मामी पोरीला सावळजला आपल्या घरी घेऊन गेल्या. घरात सुतक. सुतकाच्या घरात बाळाला न्हाऊ घालणारी बाई येत नाही, शेजारणी दारातूनच विचारपूस करून जातात. मामींनी एकटीनं सगळं केलं. लहान बाळ दचकू नये म्हणून दोन्ही हात आत घेऊन घट्ट गुंडाळतात, तसं त्यांनी तिला दिवसरात्र गुंडाळून ठेवलं. सुतक फिटल्यावर न्हाऊ घालणारी बाई आली. तिनं पोरीला पायांवर घेतलं, तेल लावलं आणि मामींना म्हणाली, "हौसाबाई, ह्यो हात असा का पडतोय?"

उजवा हात हवेत नाचत होता. डावा अंगालगत सरळ पडलेला, तळवा मागं वळलेला. उचलून सोडला की परत तिथंच.

आधी सगळ्यांना हाड मोडलं असं वाटलं. एक्सरे काढला, हाड चांगलं होतं. तासगावच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की ही नस आहे, वाट बघा, बहुतेकांचं आपोआप सुटतं. रोज सांधे हलवायला शिकवलं. मामी ते न चुकता करायच्या. बोटं थोडी हलायला लागली. कोपर मात्र वाकेना. तिसरा महिना सरला तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी पुण्याची चिठ्ठी दिली.

पुण्याचे डॉक्टर देवस्थळी नसांचे सर्जन. आवाज बारीक, घाई नाही. त्यांनी पोरीचा उजवा हात धरून ठेवून तिला डाव्या बाजूला खुळखुळा दाखवला. ती खुळखुळ्याकडं बघून रडली, पण हात उचलला नाही.

"मानेतून हाताकडं पाच नसा येतात," ते म्हणाले. "बाळाला ओढताना त्या ताणल्या जातात. नुसत्या ताणल्या असतील तर सुटतात. मधे तुटल्या असतील तर जोडता येतात. पण मणक्याच्या आतून मुळासकट उपटून आल्या असतील, तर त्या पुन्हा तिथं लावता येत नाहीत. दुसरीकडची चालू नस आणून जोडावी लागते."

"मग हिचं काय झालंय?"

"बाहेरून तिन्हींत सारखंच दिसतं. हात पडलेला. म्हणून आत बघायचं."

आधी सोनोग्राफी केली. ते यंत्र मामींच्या ओळखीचं होतं, राजश्रीच्या वेळी पाहिलेलं, त्यामुळं त्या काही बोलल्या नाहीत. मानेवर जेल लावून डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, ही नस, ही नस, आणि ही इथं गाठीसारखी फुगलीय. पण नस जिथून निघते ते मूळ मणक्याच्या हाडाआड. तिथं सोनोग्राफी पोचत नाही.

"पूर्वी पाठीत सुई घालून औषध सोडायचो आणि सीटी स्कॅन करायचो," डॉक्टर म्हणाले. "आता एमआरआयवर भागतं. सुई नाही, किरण नाहीत. फक्त बाळ अजिबात हलायला नको. त्यासाठी भूल देऊन—"

"न्हाई," मामी म्हणाल्या.

"आजी, फक्त फोटोपुरती. हलकी—"

"माजी पोर आत नेताना माज्यासंगं बोलत हुती. 'आई, बाळाला टोपडं घाल,' म्हणली. इंजेक्शान दिऊन झोपवली, ती उठलीच न्हाई. हिला मी झोपवू दिनार न्हाई."

मी म्हणालो, "मामी, तसं नसतं. राजीचं रक्त गेलं होतं."

"तुमी बाप हाय. न्या की मग." त्यांनी पोरीला मांडीवर आणखी आत ओढलं. "माज्या मांडीवरनं उचलून न्या."

मी उचललं नाही. डॉक्टर माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "बघा ना डॉक्टर, त्या ऐकत नाहीत."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आजी, भूल नको तर नको. पण वेळ आपल्या हातात नाही. नस नाही मिळाली तर स्नायू वाळत जातो. मग आम्ही काही जोडलं तरी तो उठत नाही. फार तर महिना-दोन महिने आहेत."

"आन् ऑपरेशान करायचं झालं तर? त्येलाबी भूलच की."

"त्याला द्यावीच लागेल."

मामी म्हणाल्या, "आधी मला दावा. आत तुटलंय ह्ये माज्या डोळ्यानं दिसू द्या. उगं बघूया म्हणून फाडाय न्हाई दिनार. दिसलं, तर मी सोता हातात दीन."

"पण दिसण्यासाठी तिनं हलायला नको."

"न्हाई हलत. झोपवाय मी हाय की."

तसा एक मार्ग होता. बाळाला भुकेलं आणि जागं ठेवायचं, मग मशीनशेजारी पोटभर पाजायचं, गुंडाळायचं आणि गाढ झोपलं की आत सरकवायचं. अगदी तान्ह्या बाळांत हे सोपं असतं, आता ही मोठी झालीय, जमेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तारीख दिली.

त्या दिवशी आम्ही पहाटेची एसटी धरली. पोरीला निघायच्या आधी पाजलं होतं, पुढं काही द्यायचं नव्हतं आणि झोपूही द्यायचं नव्हतं. कराडच्या पुढं तिनं सूर लावला. मामी तिचे तळपाय चोळून तिला जागं ठेवत होत्या.

पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली, "अवो, पाजा की त्या लेकराला!"

"डाक्टरनं उपाशी ठेवाय सांगितलंय."

"कसला डाक्टर म्हणायचा!"

"झोपू तरी द्या," मागून एक म्हातारे म्हणाले. "पोरगं पेंगतंय, आन् तुमी पाय चोळून उठवताय. सासुरवास लावलाय जणू."

"तुमाला नातवंडं न्हाईत का?" मामी म्हणाल्या. "हायत न्हवं? मग त्येंच्याकडं बघा."

कंडक्टर हसला. मी खिडकीबाहेर बघत बसलो. पोर पुण्यापर्यंत रडली.

एमआरआयच्या बाहेर बाकं होती. एका माणसानं दार उघडून मोठ्यानं पुकारलं, "राजश्री मोहिते!"

मामी ताडकन उठल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. बारसं झालेलं नव्हतं, त्यामुळं सगळ्या कागदांवर 'राजश्री मोहिते यांचं बाळ' असंच होतं.

"राजश्री मोहिते यांचं बाळ," तो माणूस या वेळी नीट वाचून म्हणाला. "कोण आहे?"

"आम्ही," मी म्हणालो.

त्याचं नाव मुजावर, तो मशीन चालवणारा. मिरजेकडचा निघाला. तासगाव म्हटल्यावर मोकळा झाला. "मावशी, आत मोठं लोहचुंबक आहे. अंगावर धातू काही ठेवायचं नाही. बाळाचे वाळे काढा. करगोट्याला काय आहे?"

"तायीत."

"तोही काढा. तुमच्या बांगड्या, डोरलं..."

"डोरलं कुटलं बाबा. कवाच गेलं त्ये."

मुजावर खाली बघून म्हणाला, "बरं, पिना असतील तर काढा."

मामींनी सगळं काढून माझ्या रुमालात बांधलं. मग पिशवीतून राजश्रीचा लग्नातला शालू काढला. लालभडक. पोर सावळजला त्याच्याच झोळीत झोपायची. दुसऱ्या कापडात घातली की किंचाळायची. गेलेल्या बाईचं कापड तान्ह्या लेकराला वापरू नये असं भावकीतल्या बायका म्हणाल्या होत्या, पण मामींनी ऐकलं नव्हतं.

"ह्यात गुंडाळलं तर चालंल?"

मुजावरनं हात लावून पाहिला. "कापडच आहे ना? चालेल."

पोर बाटलीला अशी भिडली की अर्धं दूध संपायच्या आत तिचे डोळे मिटले. मामींनी चौघडी शालूत तिला गुंडाळलं, तोंड तेवढं उघडं. मुजावरनं कानांत बोळे घातले, वरून कानपट्टी लावली. मशीन सुरू झालं. पत्र्यावर कोणी हातोडा मारावा तसा आवाज. मामी आत तिच्या पायाशी बसल्या, कानांत कापूस घालून. मी काचेच्या अलीकडं होतो. पोर हलली नाही. आवाज थांबला तेव्हा मुजावरनं मला अंगठा दाखवला.

मग फोटो बघणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी दोन-तीन फोटो पुढं-मागं केले आणि मुजावरला विचारलं, "हे काय आहे?"

मानेच्या डाव्या बाजूला काळा डाग होता. शाई सांडावी तसा. त्याच्या भोवतीच्या रेघा वाकड्या झालेल्या.

"अंगावर धातू आहे."

"सगळं काढलंय मॅडम."

"मग हे कुठून आलं?"

मुजावर आत पळाला. पोर जागी झाली होती. त्यानं तिच्या गळ्याभोवतीचं कापड चाचपलं आणि तसाच थांबला. "मावशी, ही जर?"

"व्हय. खरी जर हाय," मामी अभिमानानं म्हणाल्या. "राजीच्या बानं शेत इकून घेतलाता शालू. कागदी न्हवं."

काठ घड्या होऊन नेमका डाव्या खांद्यावर आला होता. मुजावरनं घाईनं पोरीचं अंग उघडं करून सगळीकडून पाहिलं. "भाजलं नाही," तो म्हणाला. "नशीब. जर तापते आत. माझ्या लक्षात यायला हवं होतं." त्याच्या कपाळावर घाम होता.

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "बाकी सगळं छान आलंय. नेमकं जिथं बघायचं तिथंच काही दिसत नाही. भूलतज्ज्ञ आज आहेत. तुम्ही सही केलीत तर आत्ता करता येईल. नाहीतर पुढची तारीख."

मी मामींकडं बघितलं. त्या पोरीला हॉस्पिटलच्या पांढऱ्या चादरीत घालून हलवत होत्या. ती धनुष्यासारखी वाकून रडत होती. मुजावर म्हणाला, मधला एक पेशंट करतो, तोवर झोपली तर बघू. पेशंट आत गेला, बाहेर आला. पोर रडतच होती.

मामी म्हणाल्या, "कात्री हाय का?"

"कशाला?"

"आसंल तर द्या."

सिस्टरनं पट्ट्या कापायची कात्री दिली. मामींनी पोरीला माझ्याकडं दिलं, बाकावर बसल्या आणि शालू मांडीवर पसरला.

"मामी, नको. राजीचा लग्नातला आहे."

"लगीन झालं की."

"अहो, पोरीला पुढं—"

"पुढं तिला हात लागल, शालू न्हाई."

त्यांनी एका टोकाला कात्री लावली आणि काठ फाडत नेला. मग दुसऱ्या बाजूचा. मग अख्खा पदर. बाकावरचे लोक बघत होते. एक बाई "अगं बाई" म्हणाली. अंगावरची बारीक बुट्टीही जरीची होती. मामींनी तेवढा भाग धरून बाजूला केला आणि निऱ्यांच्या आतला, बिनबुट्टीचा भाग काढला. नुसतं लाल रेशीम उरलं. मुजावरनं ते हातात घेऊन इंच न् इंच चाचपलं, मग मान हलवली.

उरलेलं दूध पाजलं. पोरीनं हुंदके देत तोंड त्या कापडात घातलं आणि झोपली.

या वेळी फोटो स्वच्छ आले.

डॉक्टर देवस्थळींना बोलावलं होतं. त्यांनी मामींना खुर्ची दिली आणि पडदा त्यांच्याकडं वळवला. "आजी, हा मणक्यातला मज्जारज्जू. मधोमध. हे त्याच्या भोवतीचं पाणी, पांढरं दिसतंय ते. आता उजवीकडं बघा. या काळ्या रेघा दिसतात? दोऱ्यासारख्या?"

"व्हय."

"ती मुळं. आता डावीकडं तशाच शोधा."

मामी पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचं नाक लागेल असं वाटलं. बोट काचेवर ठेवून त्या हळूहळू खाली आणत होत्या. "ही हाय. ही बी हाय." बोट थांबलं. "हितं न्हाई. हितंबी न्हाई. हितं नुसता पांढरा फुगा हाय."

"मूळ उपटून गेलं. तिथं पाणी भरलं."

"दोन."

"दोन. बाकीची मुळं जागेवर आहेत. वरची नस गळ्यात ताणलीय, तिथं ती गाठ. या दोन मात्र आपोआप येणार नाहीत. कधीच."

मामींनी बोट काढलं नाही. "वढली तवाच झालं ह्ये?"

"हो."

"वढली नसती तर?"

"तर तीही राहिली नसती. ओढणाऱ्यानं तिला वाचवलंय."

मी तोवर त्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांचा विचार फार वेगळ्या तऱ्हेनं करत आलो होतो. मामीही. त्या खुर्चीतून उठल्या, पदर सारखा केला, आणि झोपलेली पोर माझ्या हातात दिली.

"घ्या. मी म्हणलं हुतं दिसलं तर दीन. दिसलं. करा सही."

सिस्टरनं कागद पुढं केला. ऑपरेशन, भूल, सगळं एकाच कागदावर. डाव्या हातावर पोर, उजव्या हातात पेन. मला सही करता येईना. मी कागद वाचत असल्यासारखं केलं. मग पेन खाली ठेवून म्हणालो, "घरी वडिलांना विचारून कळवू का?"

मामी माझ्याकडं बघत राहिल्या.

"आता वडील आटवलं तुमाला," त्या म्हणाल्या. "आँ? मला तर लई शानपना शिकवत हुता. 'तसं नसतं मामी, तसं नसतं मामी.'"

मी पोरीला हातावर सावरून घेतलं.

"भ्याव मलाबी वाटतंय," त्या म्हणाल्या. "पर मला सही येत न्हाई. तुमाला येती."

मी सही केली.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं. सकाळी तिला आत नेलं आणि अंधार पडल्यावर बाहेर आणलं. पायातली एक नस काढून गळ्यात घातली होती, आणि जिथं मुळं गेली होती तिथं शेजारची चालू नस वळवून जोडली होती. मामींनी दिवसभर पाणीही घेतलं नाही. पोर उठली, रडली, तेव्हा त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. आम्ही पुण्यात असतानाच तिचं नाव ठरवलं, ऋतुजा. नुसतं 'राजश्रीचं बाळ' असं आणखी किती दिवस पुकारणार.

कोपर वाकायला वर्ष लागलं. एके दिवशी मामींनी तिच्या उजव्या हातात बाहुली दिली आणि भाकरीचा तुकडा पुढं धरला. तिनं डाव्या हातानं घेतला आणि तोंडाकडं नेला. पूर्ण पोचला नाही. मान खाली घालून तिनं उरलेलं अंतर भागवलं आणि खाल्ला. मामी मला फोनवर म्हणाल्या, "गिरण बंद करा आन् या." मी गिऱ्हाईक तसंच सोडून गेलो होतो.

मामी तीन वर्षांपूर्वी गेल्या. ऋतुजा आता माझ्याकडंच असते, पाचवीत आहे. डाव्या हातानं दप्तर उचलते, सायकल धरते. खांदा मात्र बाहेर वळत नाही, हात डोक्यापर्यंत जात नाही. या पावसाळ्यात डॉक्टर देवस्थळींनी पुन्हा एमआरआय करायला सांगितला, या वेळी खांद्याच्या सांध्याचा. ती एकटी आत गेली, सांगितलं तशी पडून राहिली, बाहेर येऊन म्हणाली, "आत गाणी लावत नाहीत का हो?" फोटोत सांधा एका बाजूला सरकायला लागलेला दिसला. एक स्नायू फिरवून लावला तर थांबेल, असं डॉक्टर म्हणाले. मोठं ऑपरेशन नाही, पण फार लांबवू नका.

परतताना बसमध्ये तिनं विचारलं, "पप्पा, बेशुद्ध करणार?"

"हो."

"आईला पण केलं होतं ना? आजी सांगायची."

"हो."

"ती उठली नाही."

"नाही."

"पण मी उठले होते."

"तू उठलीस."

तिनं बोटांवर दिवस मोजले. "मग दिवाळीच्या सुट्टीत करू," म्हणाली. "शाळा बुडणार नाही."

दिवाळी होऊन गेली. ती तयार आहे. डॉक्टरांच्या माणसाचा दोनदा फोन येऊन गेला. मी अजून तारीख घेतलेली नाही.